दम घे, लखमा

गवताच्या गाड्या तलासरीच्या रस्त्यावरून हलू लागल्या, की चार-आठ दिवसांत पाठोपाठ सिनेमाचा तंबू येतो. यंदाही आला. काल दुपारी बैलगाडीच्या दोन्ही अंगांना रंगीत पाट्या बांधून, वर भोंगा लावून तंबूवाल्याचा माणूस ओरडत गेला : "रोज दोन खेळ! हसून हसून पोट दुखेल! चालो भाई, चालो!" मी पत्रकाचं स्टेन्सिल कोरत बसलो होतो. गेल्या साली हाच भोंगा ऐकून मी हातातलं काम टाकून चपला शोधत सुटलो होतो. काल मी उठून खिडकी लावून घेतली.

वास मात्र खिडकीला जुमानत नाही. कापलेल्या गवताचा वास कोरडा, गोडसर, किंचित घशात टोचणारा. ह्या दिवसांत सगळ्या मुलखालाच तो लागलेला असतो. भात घरात आलेलं, माळावर गवत कमरेइतकं, आणि पाड्यापाड्यांतली माणसं विळे घेऊन त्यात बुडालेली. गवताचा हंगाम म्हणजे आमच्याकडे कामाचा हंगाम, आणि खेळांचाही.

खेळ. हा शब्द जरा बघा. सिनेमाच्या प्रयोगालाही आपण खेळ म्हणतो, हुतूतूलाही खेळच म्हणतो, आणि कुणी कुणाला गोड बोलून फसवलं, तर म्हणतो, त्यानं खेळ केला. भाषेला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. मला नव्हतं.

मला असलं काही लिहायची सवय नाही. मी पत्रकं लिहितो. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कारण, खाली 'एकजुटीने या'. धाकट्या डहाणूच्या आमच्या घरामागे बोंबील वाळवायच्या काठ्या आहेत. पत्रकांची शाई ओली असली, की मी ती बोंबलांच्या शेजारीच टांगतो. वडील होडीवरून येतात, बघतात आणि म्हणतात, "ह्याच्या जागी अजून दोन माळा बोंबील लागले असते, तर कुणाच्या तरी पोटात गेले असते." पाड्यावरची माणसंही कमी नाहीत. "भाऊचं पत्रक आलं," म्हणतात, "वाचायच्या आधी वास येतो."

माझं पहिलं पत्रक होतं 'दम धरणार नाही'. गवत कापायला उन्हात उभं राहणाऱ्यांनी प्यायचं पाणी मागितलं, की ठेकेदार म्हणायचा, दम धरा. सावलीला मांडव मागितला, दम धरा. साप चावला तर औषधाची पेटी तरी ठेवा, दम धरा. तेव्हा मी लिहिलं होतं, की दम धरा हे दोन शब्द म्हणजे गरिबाच्या गळ्याला लावलेलं बोट आहे. चांगलं वाक्य होतं. सभेत टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य आज मला चावतं.

तर सिनेमा. मी सिनेमाचा वेडा, हे सगळ्यांना माहीत आहे. तंबू वाणगावला असला तर वाणगावला, डहाणूला असला तर डहाणूला. रडके पिक्चर मला फारसे धरत नाहीत. नायिकेला खोकला झाला, की मी शेंगा सोलायला घेतो. माझा जीव विनोदी पिक्चरवर. तंबूत जमिनीवर गवत पसरलेलं असतं. ज्यांनी कापलं तेच संध्याकाळी त्यावर मांडी घालून बसतात. मागे खुर्च्या. खुर्च्यांवर ठेकेदार, वाडीवाले, त्यांचे पाहुणे. आणि पडद्यावर कुणी केळीच्या सालीवरून घसरलं, की गवत आणि खुर्ची एकदमच हसतात. मला ते फार आवडायचं. एका सभेत मी बोललोही होतो, की रडायला आपापली घरं लागतात, पण हसताना सगळा तंबू एक होतो.

मूर्ख होतो. कोण घसरतंय ते मी बघतच नव्हतो. आधीच्या पिक्चरांत शेठजीचं धोतर सुटायचं, फौजदार चिखलात बसायचा. आताचे आठवा, ह्या दोन-तीन वर्षांतले. कोण घसरतो? खेडवळ गडी. तो मोटारीच्या आरशात स्वतःला बघून भूत म्हणून ओरडतो. दाराची घंटा वाजली, की देवाला हात जोडतो. शुद्ध बोलायला जातो आणि त्याची जीभ वळत नाही. जीभ वळत नाही ह्यात हसण्यासारखं काय असतं? तलासरीच्या बाजारात एक माणूस गुजरातीत भाव विचारतो, मराठीत घासाघीस करतो, घरच्या बोलीत शिव्या घालतो. तीन भाषा वळतात त्याच्या जिभेला. आणि पडद्यावर तोच मठ्ठ! मी मात्र हसत आलो. प्रत्येक वेळी, मनापासून.

पिक्चरच्या आधी बातम्यांची रीळ लागायची. पूर, पाहुणे, पूल, आणि शेवटी खेळ. खेळ म्हणजे बहुतेक क्रिकेट. पाच दिवसांचा सामना दोन मिनिटांत. पांढरे कपडे, हिरवं मैदान (आम्हांला ते राखाडीच दिसायचं), आणि मागून एक जाड, भारदस्त आवाज. तो आवाज खेळाडूंचं नाव घ्यायचा ते असं, की जणू नावापुढे पायघड्या आहेत. तोच आवाज स्टेशनासमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकायला आम्ही चहाच्या एका कपावर दोन-दोन तास काढायचो. चेंडू न बघता चेंडूच्या मागे धावायचो. मला तेव्हा वाटायचं, मोठेपण म्हणजे हेच : आपण काही करावं आणि एका भारदस्त आवाजानं ते जगाला सांगावं.

लखमा माझ्या शेजारी बसून ती रीळ बघायचा. लखमा म्हणजे तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा, गवत कापणारा, काटकुळा, माझ्याच वयाचा. क्रिकेट बघून पहिल्यांदा तो म्हणाला, "भाऊ, ही माणसं उभीच का? मुकादम नाय का ह्यांला?"

"अरे, खेळ आहे तो."

"एकाच्या हाती दांडका, आन अकरा जण त्याच्या मागं." त्यानं विचार केला. "आपल्याकडं उलटा. अकरा दांडकेवाले, आन मागं एकलाच मी."

आसपासचं सगळं गवत हसलं होतं. ते हसणं चांगलं होतं.

लखमा हुतूतूचा राजा होता. आमच्या ह्या भागात चढाईला 'दम' म्हणतात. चढाईवर जायचं म्हणजे दम घ्यायचा. शहरातले लोक 'कबड्डी, कबड्डी' म्हणतात, आम्ही किनाऱ्यावरचे 'हुतूतूतू' करतो. लखमाचं तिसरंच. भाताचा दाणा भरला, की शेतावर पोपटांचे थवे उतरतात. ते हाकलायला शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून आरोळी देतात. लखमाची आई, नवशी, ह्या टोकाला आणि लखमा त्या टोकाला. तिची आरोळी संपायच्या आत ह्यानं उचलायची, मध्ये फट पडली की पोपट उतरलाच. "हाऽऽऽ हो-हो-हो-हो", अशी लांब, वर चढत जाणारी, शेवटी थरथरणारी. त्याच आरोळीवर लखमा दम घ्यायचा. पंचांनी एक-दोनदा हरकत घेतली होती. "हा कसला शब्द?" "माझ्या आयचा," लखमा म्हणाला. पंचांनी दम चालू दिला. मी त्या आरोळीपुढे उभा राहिलेलो आहे. धाकट्या डहाणूच्या संघातून मी त्याचा घोटा धरला होता आणि चार हात फरफटत गेलो होतो. माझ्या गुडघ्याची साल गेली, त्याची आरोळी नाही तुटली.

नवशीला डोळ्यांनी दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. पण ती प्रत्येक सामन्याला यायची आणि रेषेला लागून बसायची. ती सामना ऐकायची.

तीन हंगामांपूर्वी मुंबईहून सिनेमाची माणसं आली. एक चष्मेवाला साहेब, एक कॅमेरावाला, एक जीप. देशी खेळांची रीळ काढतोय म्हणाले, पिक्चरच्या आधी देशभर लागेल. शेजारच्या नरपड गावातल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी हवेत. ह्या तालुक्यात असा कोण होता, ज्याला पिक्चरही कळत होते आणि पाड्यावरचे रस्तेही? जीपमध्ये पुढे बसून मी त्यांना घेऊन गेलो. वाटेत साहेब म्हणाले, "दिल्लीत आता घरातल्या पेटीत चित्र दिसतं. उद्या इकडेही येईल. लोक घरी बसून खेळ बघतील. तेव्हा तुमचा हा गडी घराघरांत दिसेल."

"आवाजासकट?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आवाजाशिवाय खेळ असतो का?"

हे वाक्य मी पाठ केलं. पाड्यावर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मग नवशीनं विचारलं, "माझ्या लखमाचा आवाज तंबूत येल? त्या जाड्या बाबासारखा?"

"येईल, आये. माझा शब्द."

माझा शब्द! पत्रकाच्या खाली सही करतात तशी मी त्याच्याखाली सही केली.

सामना गवत कापलेल्या माळावर झाला. खुंट तळव्यांत घुसत होते; साहेब बूट घालून होते, खेळणारे अनवाणी. आम्ही धाकट्या डहाणूवाले हरलो, लखमाचा संघ जिंकला, ह्याचं कुणाला काही नव्हतं, कॅमेरा फिरत होता ना! सामना संपल्यावर सगळे भाऱ्यांच्या सावलीला जाऊन पडले. लखमा मध्यरेषेजवळच वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. साहेबांना तेवढंच हवं होतं, थकलेल्या गड्याचं चित्र. ते मला म्हणाले, "त्याला म्हणावं, तिथंच जरा दम घे."

मी ओरडून सांगितलं, "लखमा, साहेब म्हणतात, दम घे."

लखमानं मान वर केली. समोरच्या अर्ध्या मैदानात कुणी नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "एकलाच?"

"हो, एकटाच."

तो सरळ झाला. वाकून रेषेला हात लावला, तो हात कपाळाला लावला. आणि 'हाऽऽऽ' करून रिकाम्या मैदानात शिरला.

मी ते कधी विसरणार नाही. समोर कुणी नाही, आणि हा हुलकावणी देतोय. कुणी नाही, आणि हा कोपऱ्यातल्याला पाय मारतोय, धरायला आलेल्याच्या बगलेखालून निसटतोय. एक खोट नाही, एक आळस नाही. साहेबांनी सांगितलंय ना, मग पुरा दम. आरोळी माळावर चढत गेली, गवताच्या गंजींवरून पलीकडे गेली, आणि थरथरत रेषेवर परत आली. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, भारावलाय. साहेब म्हणाले, "वा! हे तर मागूनही मिळालं नसतं."

रेषेवर बसलेल्या नवशीनं विचारलं, "किती मारली रं?"

"समदी, आये," लखमा धापा टाकत म्हणाला. "एक नाय ठेवला."

तेव्हाही सगळे हसले. चूक कुणाची ते तेव्हा माझ्या लक्षात आलं : शहरात दम घे म्हणजे विसावा घे, आमच्याकडे म्हणजे चढाई कर. दोन्ही अर्थ मला येत होते. मध्ये मीच उभा होतो. पण मी म्हटलं, असू दे, बरंच झालं.

मग वाट बघणं. पहिल्या हंगामात तंबू आला, रीळ नाही. "दम धरा," मी म्हणालो. मुंबईला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. दर बाजारी नवशी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून यायची आणि माझा आवाज लागला की थांबायची. "आला का रं लखमा?" "नाही, आये. दम धर." बघा, कोण म्हणतोय. ज्यानं ह्या दोन शब्दांविरुद्ध पत्रक काढलं होतं, तोच. ठेकेदार निदान डोळे चुकवून म्हणायचा. मी हसत हसत म्हणायचो.

गेल्या साली तंबूत नवा विनोदी पिक्चर लागला. नाव लिहीत नाही. त्यांची फुकट जाहिरात मी का करू? दिवेलागणीचा खेळ. लखमा आईला घेऊन आला होता, कारण नवी रीळ आलीय असं तंबूवाला म्हणाला होता. ते पुढे गवतावर, मी बरोबर त्यांच्या मागे. बातम्यांची रीळ लागली. क्रिकेट. जाडा आवाज, पायघड्या. नवशी मान तिरपी करून ऐकत राहिली. रीळ संपली. मी पुढे वाकून म्हटलं, "अजून असेल, दम धर."

पिक्चर सुरू झाला. शहरातला नायक, त्याचा लठ्ठ मित्र, आडरानात मोटार बंद पडते. मित्र म्हणतो, "इथल्या कुणाला तरी विचारू या." नायक म्हणतो, "इथली माणसं शहाणी असतात का?" आणि पडद्यावर एक काळा, उघडा, काटकुळा माणूस रिकाम्या माळावर एकटाच धावायला लागतो. हवेत लाथा मारतो. कुणी नसताना कुणाला तरी चुकवतो. तोंड उघडतो, आणि त्या तोंडातून कोंबडीचा आवाज येतो. कॉक्-कॉक्-कॉक्. मध्येच सायकलचा भोंगा.

मी हसलो.

हे लिहिलं नाही, तर बाकीचं सगळं खोटं. मी मोठ्यानं हसलो. मग त्या माणसानं वाकून रेषेला हात लावला, हात कपाळाला लावला (त्यांनी चित्र उलटसुलट जोडलं होतं), आणि माझं हसणं तिथंच तुटलं. तोवर तंबू पेटला होता. गवत हसत होतं, खुर्च्या हसत होत्या. पाड्यावरचीच माणसं हसत होती. कोंबडीच्या आवाजात कोण ओळखणार आपल्या माणसाला? चेहरा त्याचा ठेवला, पाय त्याचे ठेवले, कपाळाला लावलेला हात ठेवला, आणि दम काढून घेतला. चोर घरात शिरला तर भांडी नेतो. ह्यांनी आवाज नेला, आणि त्याच्या जागी कोंबडी ठेवून गेले.

हसणं ओसरलं, तेव्हा नवशीचा आवाज आला. "सगळी हसली रं. काय होतं?"

लखमा म्हणाला, "एक येडा होता, आये. एकलाच धावत होता."

"धरला का कोणी?"

"नाय. धराया कोणी नव्हता."

"आन आपला लखमा?"

"नाय आला आजून."

त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी सभांमधून शेकडो माणसांना सांगितलंय, की अन्याय झाला तर ओरडा. त्याच्याकडे ओरडायला काय ठेवलं होतं आम्ही?

आम्ही म्हणतोय मी. साहेबांचं नाव मला पुरतं माहीत नाही. त्यांनी ती रीळ कुणाला विकली, की त्यांचा पिक्चर पहिल्यापासून हाच होता, तेही माहीत नाही. वर्षभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देतोय. दगाबाज, भामटे, ढोंगी. सगळे पत्रकी शब्द. झिजलेल्या खिळ्यांसारखे, कुठंच ठोकले जात नाहीत.

उद्या ती पेटी खरंच घराघरांत येईल. खेळ दिसतील, पिक्चर दिसतील. पांढऱ्या कपड्यांच्या मागे जाडा आवाज असेल आणि आमच्या मागे कोंबडी. तंबूत निदान हसणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी न हसणारा बसलेला असतो. घरात तोही नसेल.

लखमा अजून खेळतो. आता तो सगळ्यांसारखं 'हुतूतूतू' म्हणतो. दोन पावलांवर पकडला जातो, आणि उठून अंगाला लागलेलं गवत झटकतो.

तर काल खिडकी लावली, आणि तासाभरानं ती उघडून पाड्यावर गेलो. लखमा कामावर होता. नवशी दारात बसून भारे बांधायचे गवताचे बंद वळत होती. बोटं बघत होती, डोळे नव्हते बघत. माझी चप्पल वाजली तशी म्हणाली, "तंबू आला ना रं, भाऊ?"

वाटेत मी सगळं घोकून ठेवलं होतं. मागणी, कारण. एकही ओळ आठवेना. "आये," म्हटलं, "लखमाचं चित्र गेल्याच साली आलं होतं. तू तिथं होतीस. त्यांनी त्याचा आवाज काढून टाकला होता."

तिची बोटं थांबली नाहीत. "ठावं हाय," ती म्हणाली. "तंबू सगळा हसत होता, आन माझ्या खांद्याला लागून एकलाच नाय हसला. मंग कळंल नाय का?"

"मग तू त्याला—"

"तो माझ्यासाठी खोटं बोलला. मी कशाला मोडू?"

एकदम माझ्या अंगात जोर आला. म्हटलं, आता बोलता येतं. "त्या सिनेमावाल्यांना मी सोडणार नाही, आये. पत्रक काढतो. तंबूच्या दारात उभा राहून वाटतो. एकेकाचं—"

"काढ की," नवशी म्हणाली. बंद वळून झाला होता. तिनं तो दोन्ही हातांनी ताणून बघितला. "पण पयला कोण हसला, ते पण लिव त्यात. आवाज वळखते मी, भाऊ."